गहू सोसत नाही म्हणजे काय?

माळव्यात राहावयाचे आणि गव्हाशी वैर धरावयाचे ही गोष्ट सोपी नाही. येथील काळ्या जमिनीत पाटाच्या पाण्यावाचून, नुसत्या मुरलेल्या ओलीवर कठीण दाण्याचा गहू पिकत आला. पाहुणा आला की दाल-बाफले, सकाळी पोह्यांच्या जोडीला जिलबी, सराफ्यात रात्री कचोरी, असा या शहराचा आहार आहे. होळकरशाहीत आणि तिच्यानंतर नोकरी-व्यवसायानिमित्त जी मराठी कुटुंबे इंदुरास येऊन राहिली, त्यांच्या ताटातही पोळी रोजची झाली आणि भाकरी कौतुकाची. पूर्वी माळव्यात खरिपाला ज्वारी पुष्कळ होई. १९७० नंतरच्या दशकांत सोयाबीनने तिची जागा घेतली. तेव्हा सांप्रत आपल्या घरांतील दोन्ही वेळचे जेवण गव्हावर उभे आहे असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

अशा या गावात "मला गहू सोसत नाही" हे वाक्य हल्ली वारंवार ऐकू येऊ लागले आहे. पोळी खाल्ली की पोट फुगते, दुपारी डोके जड होते, अंग मोडून येते, कधी जुलाब तर कधी मलावरोध. आणि गहू बंद केला की बरे वाटते, अशी तक्रार असते. घरातील तरुण मंडळी लगेच ग्लूटेनचे नाव घेतात आणि 'ग्लूटेन-मुक्त' असे छापलेली महाग बिस्किटे आणतात. वडीलधारी मंडळी म्हणतात, "आमच्या सात पिढ्या गहू खाऊन जगल्या, हे नवे नखरे कोठून निघाले?" आमच्या मते दोन्ही पक्ष घाई करतात. तक्रार बहुधा खरी असते. पण रोग्याने ठरविलेले कारण खरे असेलच असे नाही. कारण शोधण्याचा एक क्रम आहे. तो उलटा झाला, म्हणजे आधी गहू सोडला आणि मग डॉक्टरांकडे गेले, तर पुढे काहीच धड कळत नाही. हा लेख लिहिण्याचा आमचा मुख्य हेतू हा क्रम वाचकांपुढे ठेवावा एवढाच आहे.

ज्या गृहिणीने पुरणपोळीची कणीक तिंबली आहे तिला ग्लूटेन निराळे समजावून सांगावयास नको. कणकेचा गोळा पाण्याच्या बारीक धारेखाली चोळीत राहावे. पिठूळ अंश वाहून जातो आणि हातात रबरासारखा चिवट लगदा उरतो. तेच ग्लूटेन. पोळी फाटू न देता लाटता येते ती त्याच्यामुळे. हे प्रथिन गव्हात आहे, जवात आहे, आणि युरोपात पिकणाऱ्या राय नावाच्या धान्यात आहे. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, मका, राजगिरा, वरी, साबुदाणा व सर्व डाळी यांत ते नाही.

आता गहू न सोसण्याचे तीन निरनिराळे प्रकार आहेत, आणि ते एकमेकांत मिसळता कामा नयेत.

पहिला व सर्वांत गंभीर प्रकार म्हणजे सीलिअॅक रोग. इंग्लंडमध्ये सॅम्युएल जी या डॉक्टरांनी १८८८ मध्ये त्याचे वर्णन केले होते, परंतु त्याचे मूळ गव्हात आहे हे सिद्ध होण्यास आणखी साठ वर्षे जावी लागली. ते श्रेय हॉलंडमधील विलेम कारेल डिके या बालरोगतज्ज्ञांकडे जाते. त्यांना १९३० नंतरच्या दशकातच संशय आला होता. पुढे १९४४-४५ च्या हिवाळ्यात, युद्धामुळे हॉलंडमध्ये उपासमार झाली आणि पाव मिळेनासा झाला, तेव्हा इतर मुले खंगत असता या रोगाची मुले मात्र सुधारली. पाव पुन्हा मिळू लागताच ती पुन्हा आजारी पडली. डिके यांचा प्रबंध १९५० साली प्रसिद्ध झाला. या रोगात ग्लूटेनमुळे शरीराची संरक्षक यंत्रणा आपल्याच लहान आतड्यावर उलटते. आतड्याच्या आतील बाजूस मखमलीच्या लवेसारखे जे सूक्ष्म अंकुर असतात व जे अन्नरस शोषून घेतात, ते झिजून सपाट होतात. मग खाल्लेले अंगी लागत नाही. मुलाची वाढ खुंटते, पोट पुढे येते, रक्त कमी होते. मोठ्या माणसांत हाडे ठिसूळ होतात, लोहाच्या गोळ्या घेऊनही पंडुरोग हटत नाही, कधी स्त्रियांना गर्भ राहण्यास अडचण येते.

हा रोग गोऱ्या लोकांचा, आपल्याकडे नाही, अशी समजूत पुष्कळ वर्षे होती. उत्तर भारतातील मुलांमधील सीलिअॅकचे वर्णन १९६६ मध्येच वैद्यक नियतकालिकात प्रसिद्ध झाले आहे. दिल्ली परिसरात सर्वसाधारण लोकांची तपासणी करून २०११ मध्ये जो अहवाल आला त्यात ९६ माणसांत एक असे प्रमाण निघाले. २०१६ च्या देशव्यापी पाहणीत उत्तरेत १.२३ टक्के, ईशान्येत ०.८७ टक्के व दक्षिणेत ०.१० टक्का असे आकडे आले. त्याच पाहणीत रोजचा गहू उत्तरेत सरासरी ४५५ ग्रॅम तर दक्षिणेत २५ ग्रॅम होता. माळव्याचा त्यात वेगळा आकडा नाही, परंतु आपले ताट कोणत्या बाजूस झुकते हे सांगावयास नको.

दुसरा प्रकार गव्हाच्या अॅलर्जीचा. गहू खाल्ल्यावर थोड्याच वेळात अंगावर गांधी उठणे, ओठ सुजणे, श्वास लागणे अशी तिची लक्षणे असतात. हिला विलंब नसतो व हिच्याशी खेळ करू नये. त्वचेवरील व रक्ताच्या चाचणीने ती ओळखता येते.

या दोन्ही गोष्टी नाहीत असे ठरले आणि तरीही गव्हाने त्रास होतो असे दिसले, तर उरतो तो तिसरा प्रकार. याला डॉक्टर मंडळी 'नॉन-सीलिअॅक ग्लूटेन सेन्सिटिव्हिटी' म्हणतात. आपण त्याला साधेपणाने गहू-असहिष्णुता म्हणू. हे नाव १९७८ मध्ये लॅन्सेट या नियतकालिकातील एका टिपणाच्या शीर्षकात प्रश्नचिन्हासह आले होते, आणि ते प्रश्नचिन्ह अद्याप पुरते पुसले गेलेले नाही. या प्रकारात आतड्याचे अंकुर शाबूत असतात, आणि तो निश्चित ओळखणारी रक्ताची एकही चाचणी आजमितीस उपलब्ध नाही. म्हणजे इतर सर्व शक्यता वजा करून जे उरते ते निदान. हिशेबाच्या वहीत वजाबाकी चुकली की शिल्लक चुकते, तद्वत येथेही आहे.

वजाबाकी कशी करावयाची ते आता सांगतो. रोजच्याप्रमाणे पोळी खात असतानाच डॉक्टरांकडे जावे व रक्ताची टी. टी. जी.-आय. जी. ए. ही तपासणी करवून घ्यावी. तिच्याबरोबर एकूण आय. जी. ए. किती आहे हेही पाहतात, कारण काही माणसांत हे द्रव्य जन्मतःच कमी असते व मग पहिली तपासणी खोटा निर्वाळा देते. तपासणी सदोष आली तर दुर्बिणीने लहान आतड्याचा तुकडा घेऊन पाहतात. इंदुरात या सर्व सोयी आहेत.

येथेच पुष्कळ घरांत घोटाळा होतो. गहू सोडून काही महिने झाले की रक्तातील हे प्रतिपिंड ओसरतात, अंकुर पुन्हा उगवू लागतात, आणि ज्याला खरोखर सीलिअॅक आहे त्याचीही तपासणी निर्दोष येते. तो मनुष्य समजतो, आपल्याला साधीच असहिष्णुता आहे. मग लग्नकार्यात दोन बाफले, दिवाळीत शंकरपाळे, प्रवासात ब्रेड, असे चालू राहते आणि आतडे आतल्या आत झिजत राहते. त्याच्या मुलांची व भावंडांची तपासणी करावी हेही कोणाला सुचत नाही, वस्तुतः हा रोग एका रक्ताच्या माणसांत अधिक आढळतो. म्हणून तपासणीपूर्वी गहू सोडला असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने तो निदान सहा आठवडे, दिवसातून एकाहून अधिक जेवणांत पुन्हा खाऊन मग रक्त द्यावे लागते. त्रास होतो म्हणून ज्याने गहू टाकला, त्याला सहा आठवडे तो पुन्हा खा म्हणणे किती जिवावरचे असते हे सांगावयास नको. आधी तपासणी केली असती तर हा भोग चुकला असता. ज्याला पुन्हा खाणे अशक्यच आहे त्याच्यासाठी डी. क्यू. २ व डी. क्यू. ८ या जनुकांची तपासणी आहे. ही दोन्ही नसतील तर सीलिअॅक जवळजवळ नाहीच. असतील तर मात्र काहीच सिद्ध होत नाही, कारण ती निरोगी माणसांतही पुष्कळ असतात.

लहान मुलांच्या बाबतीत तर आम्ही हात जोडून सांगू की, शेजारणीच्या सल्ल्याने मुलाचा गहू बंद करू नये. आधी बालरोगतज्ज्ञ, मग पथ्य.

हल्ली काही ठिकाणी रक्ताच्या एका थेंबावरून शंभर-दोनशे पदार्थांची 'असहिष्णुता' सांगणारे लांबलचक तक्ते मिळतात. ते आय. जी. जी. नावाच्या प्रतिपिंडावर बेतलेले असतात. अमुक अन्न आपण खातो एवढेच त्यावरून कळते. ते बाधते की नाही हे कळत नाही. त्यावर पैसे घालवू नयेत.

सीलिअॅक व अॅलर्जी दोन्ही नाहीत असे ठरले तरी डॉक्टर आणखी काही गोष्टी पाहतील. दूध न पचणे हे आपल्याकडे फार आढळते, आणि पोळीबरोबर चहाचा पेला असतोच. आव, जंत, जिआर्डिया, आतड्याचा क्षय, थायरॉइडची मंदी, यांचीही लक्षणे अशीच असू शकतात. वजन घटणे, शौचावाटे रक्त जाणे, ताप, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब, ही चिन्हे असतील तर पथ्याचे प्रयोग बाजूला ठेवून तपासणीच पुरी करावी.

एवढे झाल्यावर गहू सोडण्याची वेळ येते. २०१४ मध्ये इटलीत सालेर्नो येथे तज्ज्ञांची बैठक भरली होती. तिने घालून दिलेली रीत पुढीलप्रमाणे आहे. आपल्याला ज्या एक ते तीन तक्रारी अधिक जाचतात त्यांना दर आठवड्यास एक ते दहा असे गुण द्यावेत. मग किमान सहा आठवडे ग्लूटेन पूर्ण वर्ज्य करावे. त्यांपैकी निदान तीन आठवडे तक्रारीचे गुण ३० टक्क्यांनी वा अधिक उतरले तर पथ्य लागू पडले असे समजावे. न उतरले तर गहू निर्दोष आहे, त्याला पुन्हा ताटात घ्यावे. पण लागू पडले म्हणजेही निदान झाले असे नाही. पुढची पायरी म्हणजे गहू पुन्हा देऊन पाहणे, आणि तोही रोग्यास न कळता: एक आठवडा रोज ८ ग्रॅम ग्लूटेन किंवा त्यासारखे दिसणारे निरुपद्रवी काही, मध्ये एक आठवडा विश्रांती, मग एक आठवडा दुसरे. तीस ग्रॅम कणकेच्या एका पोळीत सुमारे २.५ ते ३ ग्रॅम ग्लूटेन असते, तेव्हा ८ ग्रॅम म्हणजे साधारण तीन पोळ्या झाल्या.

एवढी लपवाछपवी कशासाठी, असे कोणी विचारील. कारण मन हेही पोटाचे एक इंद्रिय आहे. निरनिराळ्या देशांतील अशा प्रयोगांचा एकत्रित आढावा २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. आपल्याला ग्लूटेन बाधते असे मानणाऱ्या २३१ जणांपैकी केवळ ३८ जणांना ग्लूटेनने विशेष त्रास झाला. आणि ४० टक्क्यांना निरुपद्रवी पदार्थ दिला असतानाही तेवढाच किंवा अधिक त्रास झाला. त्यांचा त्रास खोटा होता असा याचा अर्थ मुळीच नाही. भीतीने पोटात गोळा येतो हे आपली भाषाच सांगते. घरी एवढा काटेकोर प्रयोग होणे कठीण आहे हे आम्ही जाणतो. पण पथ्य लागू पडल्यावर ठरलेल्या एका आठवड्यात गहू पुन्हा घेऊन वहीत नोंद ठेवणे प्रत्येकाला करता येईल.

आणि मग गव्हातील नेमके काय बाधते? येथे गेल्या काही वर्षांत गंमतीचा उलगडा होत आहे. ऑस्ट्रेलियातील मोनाश विद्यापीठाच्या मंडळींनी २०११ मध्ये ३४ रोग्यांवरील प्रयोगात ग्लूटेन दोषी ठरविले. त्यांनीच २०१३ मध्ये ३७ रोग्यांना आधी आतड्यात आंबणाऱ्या शर्करा वर्ज्य करावयास लावल्या, तेव्हा सर्वांना बरे वाटले आणि नंतर ग्लूटेन दिल्याने फारसा फरक पडला नाही. पुढे नॉर्वेमध्ये ५९ जणांवर प्रयोग झाला व २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात प्रत्येकास पाळीपाळीने एकेक आठवडा ग्लूटेन, फ्रुक्टन व निरुपद्रवी वडी दिली. सर्वांत अधिक त्रास झाला तो फ्रुक्टनने. ग्लूटेन व निरुपद्रवी वडी यांत भेद दिसला नाही. फ्रुक्टन ही गव्हातीलच एक शर्करासाखळी आहे. ती लहान आतड्यात पचत नाही, मोठ्या आतड्यात जाऊन आंबते, वायू धरते. गव्हातील आणखीही काही प्रथिनांवर संशोधकांचा संशय आहे, पण ते प्रकरण अद्याप पिकलेले नाही.

हे फ्रुक्टन आणखी कशात असतात? कांद्यात आणि लसणीत. ही माहिती आपल्या घरांस विशेष उपयोगी आहे. चातुर्मासात कांदा-लसूण वर्ज्य केल्यावर पोट हलके राहते असे सांगणाऱ्या वडीलधाऱ्या बायका आपण सर्वांनी पाहिल्या आहेत. त्यांचे म्हणणे प्रयोगाच्या कसोटीवर घासून पाहावयास हरकत नाही. गहू बंद असतानाच एखाद्या दिवशी भाताबरोबर कांदा-लसणीची झणझणीत आमटी खावी. गव्हाने होई तोच त्रास त्यानेही झाला, तर ग्लूटेनकडे बोट दाखविण्याचे कारण उरत नाही. मग पोळी साफ सोडण्याऐवजी चाराच्या दोन करणे व कांदा-लसूण बेताने घेणे एवढ्यानेही भागू शकते. एकादशीच्या अनुभवावरून मात्र निष्कर्ष काढू नये. त्या दिवशी गहू, कांदा, डाळी सारेच सुटते, आणि साबुदाणा-बटाट्याने पोट वेगळेच बिघडते.

आता पथ्याविषयी. ते कोणासाठी किती कडक, हे निदानावर अवलंबून आहे. सीलिअॅक असेल तर जन्मभर, कणभरही नाही. आपल्या देशातील अन्नसुरक्षेच्या नियमानुसार किलोमागे २० मिलिग्रॅमपर्यंत ग्लूटेन असलेल्या मालासच 'ग्लूटेन-मुक्त' म्हणता येते, यावरून कणभर म्हणजे किती ते कळावे. अशा घरात ज्वारी गव्हाच्या पाठोपाठ त्याच गिरणीत दळून चालत नाही. जात्यात अडकलेले गव्हाचे पीठ भाकरीत येते. घरघंटी घ्यावी, पोळपाट-लाटणे निराळे ठेवावे. गहू-असहिष्णुतेत एवढे सोवळे लागत नाही. ज्याला जेवढे सोसते तेवढे खावे.

गहू उघड दिसतो तेथे त्याला टाळणे सोपे. तो लपतो तेथे फसगत होते. बाजारातील खड्याच्या नव्हे अशा हिंगाच्या भुकटीत पुष्कळदा मैदा असतो, आणि हिंगावाचून आपली आमटी होत नाही. डबीवरील बारीक अक्षरे वाचावीत. मेतकुटात गहू भाजून घालतात. थालिपिठाच्या भाजणीतही घालतात. रवा गव्हाचाच, म्हणून उपमा आणि शिरा गेले, शेवया गेल्या, लापशी गेली. शहरात बाहेर पडल्यावर पोहे, भुट्ट्याचा कीस, गराडू, साबुदाण्याची खिचडी यांत मुळात गहू नाही. बेसनाची शेवही चालेल, परंतु ज्या कढईत कचोरी तळली तिच्यातच ती तळली असेल तर सीलिअॅकवाल्याने हात आखडता घ्यावा. जिलबी मैद्याची, तिच्याबद्दल आम्हांसही वाईट वाटते.

खपली गहू किंवा 'जुना देशी गहू' बाधत नाही असे बाजारात सांगतात. खपलीत, शरबतीत आणि बाफल्याच्या कठीण माळवी गव्हातही ग्लूटेन आहेच. असहिष्णुतेत एखाद्यास एक जात दुसरीहून बरी वाटेल, त्याला कोण अडवितो? सीलिअॅकच्या रोग्याने मात्र यांतील एकही खाऊ नये.

गव्हाच्या जागी पांढरा भात, बटाटा आणि मैद्याऐवजी स्टार्चची बिस्किटे आली तर एक दुखणे जाऊन दुसरे येते, विशेषतः मधुमेह्यांच्या घरी. ज्वारी, बाजरी, नाचणी व डाळी यांनी ती जागा भरावी. भाकरी थापणारे हात घरात असतील तर हे पथ्य स्वस्तातही पडते. नसतील तर ते शिकावयास आठ दिवस पुरतात. असहिष्णुतेचे निदान झालेल्याने काही महिन्यांनी थोडा गहू पुन्हा घेऊन पाहावा. पुष्कळांना तो पुढे थोडाफार सोसू लागतो, आणि न लागणारे पथ्य जन्मभर वाहण्यात अर्थ नाही.

राहता राहिली घरातील व समाजातील वागणूक. सासरी आलेल्या मुलीने पोळी नको म्हटले की तिच्या माहेरचा उद्धार होतो; मुलाने म्हटले तर डॉक्टर गाठला जातो. दोघांनाही एकच तपासणी लागते आणि ती एका सकाळी होते. आपल्या संस्थेच्या महाप्रसादास व लग्नकार्यास जी पंगत बसते तीत आग्रह करण्याची रीत आहे, व ती आम्हांस प्रिय आहे. परंतु ज्याने एकदा नको म्हटले त्याच्या पानात पोळी टाकू नये. ज्यांना गहू वर्ज्य आहे त्यांनी आचाऱ्यास आदल्या दिवशी कळवावे, आणि वाढप्यांनी त्यांच्या भाताची व आमटीची भांडी आधीच बाजूला काढून त्यांत निराळी पळी ठेवावी.